चीनची पहिली ट्रिप: बारा दिवसांत सहा ठिकाणं नकोत, तीन पुरेत (आणि ती तीन कशी निवडायची)

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. नाशिकचं पस्तिशीतलं जोडपं, सोबत आई, वय ६४, पूर्ण शाकाहारी, गुडघे थोडे दुखतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून बारा दिवस मिळतायत, चीनची संस्कृती आणि निसर्ग दोन्ही बघायचंय, आणि यादीत बीजिंग, शांघाय, शिआन, झांगजियाजिए, ग्वीलिन आणि जमलं तर ल्हासा. प्रश्न असा की हे स्वतः करावं का टूर कंपनीकडून, आणि क्रम कसा लावावा.

मी आधी नोकरीमुळे काही वर्षं तिकडेच राहिले आणि नंतर पुण्यातून छोटे छोटे ग्रुप चीनला न्यायला लागले, त्यामुळे ही यादी माझ्याकडे जवळपास जशीच्या तशी सारखी येत असते. सगळ्यांना वाटतं अडचण क्रमाची आहे. माझ्या मते खरी अडचण मुक्कामांची आहे. एखादा परदेशी माणूस बारा दिवसांत काश्मीर, राजस्थान, वाराणसी, केरळ आणि लेह करतो म्हणाला तर आपण त्याला काय सांगू, तेच मी तुम्हाला सांगतेय. प्रत्येक शहर बदललं की तुमचा अर्धा ते पाऊण दिवस जातो, बॅगा भरा, स्टेशन गाठा, सिक्युरिटी, प्रवास, परत टॅक्सी, परत चेक-इन, आणि सोबत वयस्क माणूस असेल तर त्या दिवशी संध्याकाळी कुणी बाहेर पडत नाही. सहा ठिकाणं म्हणजे पाच बदल, म्हणजे तीन-चार दिवस नुसते ट्रॉली ओढण्यात गेले.

दुसरं म्हणजे ‘संस्कृती बघायचीय’ याचा अर्थ तुमच्यासाठी काय हे आधी घरात बसून ठरवा. राजवाडे, भिंती, म्युझियम बघायचे असतील तर उत्तर वेगळं. बागा, चहा, जुन्या चित्रांतल्यासारखे डोंगर हवे असतील तर वेगळं. आणि लोक कसे राहतात ते बघायचं असेल तर त्याला ठिकाण फारसं लागत नाही, सकाळचा रिकामा वेळ लागतो, आणि तो धावपळीच्या प्लॅनमध्ये कधीच उरत नाही.

एक उदाहरण देते. बीजिंगमध्ये टेंपल ऑफ हेवन आहे, १४२० मध्ये पहिल्यांदा बांधलेलं, तिथे सम्राट चांगल्या पिकासाठी प्रार्थना करायचे. टूरची बस तिथे दहा वाजता पोचते, निळ्या छपराच्या गोल इमारतीसमोर फोटो, अकराला बाहेर. पण ती मोठी बाग आहे आणि सकाळी सहा-साडेसहालाच उघडते, आणि साडेसात-आठला पूर्वेच्या गेटने आत गेलात तर सगळा परिसर रिटायर्ड लोकांचा असतो. लांब लाकडी कॉरिडॉरमध्ये कठड्यांवर बसून पत्ते चाललेले, बायका विणतायत, एक घोळका ॲकॉर्डियनवर जुनी गाणी म्हणतोय, चार आजोबा पिसांचं फूल पायाने उडवत खाली पडू न देता खेळतायत, सत्तरीची बाई बारवर पाय टाकून स्ट्रेचिंग करतेय. एखादा माणूस हातभर लांब ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत असतो, एकेक फरशी एकेक अक्षर, तिसऱ्या ओळीला येईपर्यंत पहिली ओळ वाळून गेलेली असते आणि तो परत वरून सुरू करतो. आमच्या ग्रुपमधल्या काकूंना तिथे बायकांनी हाताला धरून नाचायला ओढलंय, भाषा कुणालाच येत नव्हती. तुमच्या आईंना ही सकाळ फॉरबिडन सिटीपेक्षा (म्हणजे सम्राटांच्या जुन्या राजवाड्यापेक्षा) जास्त आवडेल असं मला मनापासून वाटतं, आणि हे फक्त बीजिंगमध्ये तीन-चार रात्री असतील तरच जमतं.

आता तुमची यादी एकेक करून बघू.

ल्हासा काढा. तिबेटला परदेशी माणसाला चिनी व्हिसाशिवाय वेगळं ट्रॅव्हल परमिट लागतं, ते एजन्सीमार्फतच निघतं आणि तिथे स्वतंत्र फिरता येत नाही, गाईड बरोबर लागतोच. शिवाय ल्हासा साधारण ३,६५० मीटरवर आहे, पहिले दोन दिवस शरीर सवय करून घेण्यातच जातात. ती वेगळी ट्रिप आहे, वेगळ्या तयारीने करायची.

झांगजियाजिए मी काढायला सांगते तेव्हा लोक नाराज होतात, कारण रील्स बघून तेच डोक्यात बसलेलं असतं. जागा अद्भुत आहे, वालुकाश्माचे हजारो सुळके जंगलातून सरळ वर आलेले, १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, डोंगराच्या कड्याला लावलेली ३२६ मीटरची काचेची लिफ्ट आहे. पण ते नीट बघायचं तर तीन दिवस हवेत, एक दिवस धुक्यात जाणार असं धरूनच चालायचं, रोपवेला आणि लिफ्टला रांगा मोठ्या, आणि पायऱ्या खूप. तिआनमेन डोंगरावर त्या प्रसिद्ध कमानीपाशी ९९९ पायऱ्या आहेत (एस्केलेटर आहेत, पण तरी चालणं होतंच). तुम्ही दोघंच असता तर मी कदाचित ग्वीलिनच्या जागी हे सुचवलं असतं. आईंसोबत नको.

शांघायबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शहर सुंदर आहे, बंडवर, म्हणजे तिथल्या नदीकाठच्या रस्त्यावर, संध्याकाळी उभं राहायला मजा येते, पण ज्याला जुना चीन आणि निसर्ग बघायचाय त्याने पहिल्या ट्रिपला शांघायसाठी वाट वाकडी करू नये. फ्लाइट तिथूनच असेल तर दोन रात्री द्या आणि त्यातला एक दिवस सूझोला जा, फास्ट ट्रेनने अर्ध्या तासात पोचता, तिथल्या बागा बघा.

मग उरलं काय? बीजिंग, शिआन, ग्वीलिन. बारा दिवस म्हणजे अकरा रात्री. मी असं वाटेन: बीजिंग चार, शिआन तीन, यांगश्वो (ग्वीलिनजवळचं छोटं गाव) तीन, आणि शेवटची ग्वांगझोला एक, तिथून परत. जाताना बीजिंगला उतरायचं, परत येताना ग्वांगझोहून निघायचं असं मल्टी-सिटी तिकीट काढा, म्हणजे त्याच रस्त्याने उलटं यावं लागत नाही. भारत-चीन थेट फ्लाइट्स ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझोपासून परत सुरू झाल्या आणि पाठोपाठ दिल्लीहूनही. मुंबईहून निघणार असाल तर हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक असे एक थांब्याचे पर्यायही सोबत तपासा, कधीकधी तेच सोयीचे पडतात. फक्त हाँगकाँगमध्ये एअरपोर्टबाहेर पडणार असाल तर भारतीय पासपोर्टला आधी ऑनलाइन नोंदणी लागते (फुकट असते), आणि हाँगकाँगला जाऊन परत चीनमध्ये शिरायचं तर डबल एंट्री व्हिसा हवा, हे विसरू नका.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज लगेच दूर करते. यूट्यूबवर सगळे सांगतायत की चीन आता व्हिसा-फ्री झाला, २४० तास ट्रान्झिटवर राहता येतं वगैरे. ते ठराविक देशांच्या पासपोर्टसाठी आहे आणि भारत त्या यादीत नाही. तुमचे अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाले नातेवाईक तिकडून येऊन तुम्हाला भेटणार असतील तर त्यांना तो फायदा मिळू शकतो, तुम्हाला नाही. तुम्हाला टुरिस्ट व्हिसा काढावाच लागेल. पासपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जास्त व्हॅलिड आणि रिकामी पानं असलेला हवा, हॉटेल आणि तिकिटाचं बुकिंग दाखवावं लागतं म्हणून सुरुवातीला सगळं फ्री कॅन्सलेशनवालं बुक करा.

तारखांचं सांगायचं तर दिवाळी तुमच्या फायद्याची आहे. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून आठवडाभर राष्ट्रीय सुट्टी असते, अख्खा देश प्रवासाला निघतो, तेव्हा जाऊच नका. तसंच मे महिन्याचे पहिले पाच दिवस, चिनी नवीन वर्ष, आणि जुलै-ऑगस्ट (तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या आणि वर उकाडा). ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. बीजिंगमध्ये गिंकोची झाडं पिवळी झालेली असतात, ग्वीलिनकडे पाऊस कमी झालेला असतो. फक्त बीजिंगची इमारतींची सेंट्रल हीटिंग साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होते, त्यामुळे त्याआधीच्या आठवड्यात बाहेर आणि आत दोन्हीकडे गार वाटू शकतं, आईंसाठी चांगलं थर्मल आणि कानटोपी घ्या.

बीजिंगमध्ये काय आधी ठरवावं लागतं आणि काय नाही ते बघा. फॉरबिडन सिटीचं तिकीट गेटवर मिळेल या भरवशावर जाऊ नका. सात दिवस आधी, बीजिंगच्या रात्री आठला म्हणजे आपल्या साडेपाचला, ऑनलाइन सुटतं, पासपोर्ट नंबरवर, आणि गर्दीच्या दिवसांचं पटकन संपतं. नोव्हेंबर ते मार्च ४० युआन, एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन. सोमवारी बंद. शिरायचं दक्षिणेच्या गेटने आणि बाहेर पडायचं उत्तरेला, मध्ये जवळजवळ एक किलोमीटर सरळ आणि आजूबाजूला फिरलात तर त्याच्या तिप्पट चालणं होतं, म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे जिंगशानची टेकडी आहे, तिथून सगळी पिवळी छपरं एका नजरेत दिसतात, पण चढ आहे, आईंना खाली बाकावर बसवून तुम्ही दोघं वीस मिनिटांत जाऊन या. तिआनआनमेन चौकात जायलाही आधी नाव नोंदवावं लागतं.

ग्रेट वॉलसाठी भिंतीचा बादालिंगचा भाग सोडा, मुतिआन्यूचा करा. शहरापासून साधारण सत्तर किलोमीटर, कार करून जाणं सोपं. तिथे रोपवे दोन आहेत, त्यातला बंद केबिनवाला चौदाव्या बुरुजापाशी सोडतो आणि तिथून थोडं चालणं त्यातल्या त्यात बरं आहे, आईंना भिंतीवर उभं राहायला मिळेल आणि गुडघेही वाचतील. दुसरा उघड्या खुर्च्यांचा आहे, तो सहाव्या बुरुजापाशी जातो आणि तिथून घसरगाडीने खाली येता येतं, ती मजा तुम्ही घ्या. सकाळी लवकर निघा, दहानंतर बसेस येतात.

बीजिंगहून शिआन ट्रेननेच जा, विमानाने नको. बाराशेच्या आसपास किलोमीटर, साडेचार ते सहा तास गाडीप्रमाणे, खिडकीतून सपाट शेतं, मग पिवळ्या मातीचे डोंगर आणि त्यांत कोरलेली घरं दिसायला लागतात, देश कसा बदलतो ते कळतं. तिकीट पंधरा दिवस आधी सुटतं, रेल्वेचं १२३०६ नावाचं ॲप इंग्लिशमध्ये आहे पण पासपोर्ट व्हेरिफाय करायला वेळ लागतो, ते भारतातूनच करून ठेवा. नाहीतर ट्रिप डॉट कॉमवर थोडी फी देऊन मिळतं. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट, मूळ पासपोर्ट, झेरॉक्स चालत नाही. स्टेशन म्हणजे एअरपोर्टच समजा, तासभर आधी पोचा, गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाहीत. फळं कापायची सुरी, अडकित्ता, मोठी कात्री बॅगेत ठेवू नका, काढून घेतात.

शिआनबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय कारण मराठी माणसासाठी या शहराचं महत्त्व टेराकोटा आर्मीच्या पुढे जातं. ते मातीचे सैनिक बघालच, १९७४ मध्ये शेतकऱ्यांना विहीर खणताना सापडले, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर लिंतोंगला आहेत, खड्डा क्रमांक एकमध्ये शिरल्यावर समोर रांगाच रांगा दिसतात तेव्हा सगळे गप्प होतात. तिकीट १२० युआन. स्टेशनजवळ ‘टेराकोटा, टेराकोटा’ ओरडणाऱ्यांच्या गाडीत बसू नका, भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतात.

पण शहरात बिग वाइल्ड गूज पॅगोडा आहे तिथे निवांत जा. शाळेत आपण ज्याच्याबद्दल शिकलो तो ह्युएनत्संग भारत फिरून ६४५ मध्ये इथेच, तेव्हाच्या चांगआनमध्ये परतला, सोबत आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला आणि त्यांच्या भाषांतरात त्याने उरलेलं आयुष्य घालवलं. तो आपल्याकडेही येऊन गेला होता. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय, इथले लोक साधे आणि मानी आहेत, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत अशा अर्थाचं. पॅगोडासमोर त्याचा मोठा पुतळा आहे, हातात काठी घेऊन चाललेला. आपल्या मातीबद्दल तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी लिहिणारा माणूस या गावात बसून लिहीत होता हे तिथे उभं राहून आठवलं की चीन आणि आपण एकमेकांना किती जुने ओळखतो ते जाणवतं. मी प्रत्येक ग्रुपला हे तिथेच सांगते.

त्याच धाग्याने, शिआनच्या तीन दिवसांतला एक दिवस लुओयांगला द्या. फास्ट ट्रेनने दीड तास, स्टेशनचं नावच लुओयांग लाँगमेन आहे आणि लाँगमेनच्या लेण्या तिथून जवळ आहेत. वेरूळ-अजिंठा बघितलेल्या माणसाने लाँगमेन बघायलाच हवं. डोंगरात लेणी कोरायची कल्पना बौद्ध धर्माबरोबर भारतातून मध्य आशियामार्गे इथवर आली. ४९३ च्या सुमारास इथे काम सुरू झालं, खडक चुनखडीचा, आपला काळा बेसाल्ट नाही, त्यामुळे काम जास्त बारीक आणि मूर्ती थव्याने, काही तर बोटभर उंचीच्या. मधली वैरोचन बुद्धाची मूर्ती १७ मीटरच्या वर आहे, तिच्या चेहऱ्याकडे खालून बघा आणि मग नदीच्या पलीकडच्या काठावर जाऊन परत बघा, दोन्ही वेळा वेगळी दिसते. पायऱ्या आहेत पण नदीकाठचा मुख्य रस्ता सपाट आहे आणि बॅटरीवरच्या गाड्या मिळतात. वेळ उरला तर व्हाइट हॉर्स टेंपल, परंपरेप्रमाणे इसवी सन ६८ मधलं, भारतातून आलेल्या दोन भिक्षूंसाठी बांधलेलं, त्यांच्या समाध्या आवारातच आहेत. तिथेच सांचीच्या धर्तीवर बांधलेलं भारतीय पद्धतीचं मंदिर आहे, त्याचं उद्घाटन २०१० मध्ये आपल्या प्रतिभाताई पाटलांनी राष्ट्रपती असताना केलं. गर्दीच्या टूरमध्ये हा दिवस नसतोच, आणि आमच्याकडे परत आल्यावर लोक सगळ्यात जास्त याच दिवसाबद्दल बोलतात.

शिआनहून ग्वीलिन मात्र विमानाने, दोनेक तास. ग्वीलिन शहरात मुक्काम न करता सरळ यांगश्वोला जा आणि त्यातही मुख्य वेस्ट स्ट्रीटच्या गोंगाटापासून लांब, युलोंग नदीकाठच्या एखाद्या छोट्या हॉटेलात राहा. इथला निसर्ग म्हणजे चुनखडीचे शेकडो सुटे सुळके, मधून नदी, भाताची शेतं, म्हशी. एक दिवस ली नदीची क्रूझ, ग्वीलिनहून यांगश्वोपर्यंत साधारण चार तास, आईंसाठी एकदम आरामाची, शिंगपिंगजवळ २० युआनच्या नोटेच्या मागचं चित्र समोर येतं, नोट हाताशी ठेवा. दुसऱ्या दिवशी युलोंग नदीवर बांबूचा तराफा, मोटर नाही, नावाडी काठीने ढकलतो, बंधारे आले की तराफा धप्पकन खाली उतरतो आणि पाय भिजतात. तराफ्यांवर वयाचे नियम असतात, आईंसाठी हॉटेलवाल्याला आधी विचारून ठेवा. तिसरा दिवस मोकळा ठेवा. सायकल काढा, ई-बाइक काढा, शेतांमधून फिरा. भातशेतीच्या लाँगजी पायऱ्या लोक या दिवसात कोंबतात पण त्या यांगश्वोहून लांब आहेत आणि ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत पीक कापून झालेलं असतं, तुमच्या तारखांना मी नाही जाणार.

यांगश्वोहून ग्वांगझोला फास्ट ट्रेनने दोन-अडीच तास. बस्स.

जेवणाचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलाय पण ट्रिप तिथेच बनते किंवा बिघडते. चीनमध्ये भाज्या भरपूर आणि उत्तम मिळतात, प्रश्न असा की ‘मांस नको’ म्हटलं तरी घेवड्यात खिमा भुरभुरलेला येतो, टोफूवर येतो, सूप हाडांचं असतं, सॉस ऑयस्टरचा असतो. त्यांच्या दृष्टीने ती भाजीच असते, कुणी फसवत नसतं. म्हणून फोनमध्ये चिनी अक्षरांत एक कार्ड करून ठेवा: मांस, मासे, कोंबडी, अंडं (खात नसाल तर), चरबी, मांसाचं सूप, ऑयस्टर सॉस काहीच नको, आणि ते ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा. बौद्ध शाकाहारी रेस्टॉरंट मोठ्या शहरांत सगळीकडे आहेत, बऱ्याचदा मंदिराजवळ, मॅप ॲपमध्ये शोधली की सापडतात. तिथे डोळे झाकून खा, पक्क्या बौद्ध पद्धतीच्या ठिकाणी कांदा-लसूणही घालत नाहीत, जैन मंडळींचीही सोय होते. साध्या हॉटेलात बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची परतलेली भाजी (दी सान शिएन), बटाट्याचे आंबट-तिखट काप, टोमॅटो-अंडं, लसणातली पालेभाजी, आणि शिआनला लिआंगपी नावाचे गार नूडल्स मागा, कार्ड दाखवूनच.

एक गोष्ट आवर्जून: शिआनच्या मुस्लिम भागात फिरायला छान वाटतं, तिथली जुनी मशीद पूर्ण चिनी वाड्यासारखी आहे, पण तिथलं खाणं बीफ आणि मटणाचं असतं. हातानं ओढलेल्या नूडल्सच्या दुकानांत सूप सहसा बीफचंच असतं, वर तुकडे नसले तरी. जे बीफ खात नाहीत त्यांनी हे लक्षात ठेवा.

आईंसाठी घरून रेडी उपमा, पोहे, खाकरे, चटणी, मेतकूट न्या. उकळतं पाणी प्रत्येक हॉटेलच्या खोलीत, स्टेशनवर आणि ट्रेनच्या डब्यात फुकट मिळतं. फळं, बिया, दूध-लोणी-तूप असलं काही नेऊ नका, कस्टम्स घेऊ देत नाही.

पैसे आणि फोन हे दोन्ही निघायच्या आधी भारतातच लावून घ्या. अलीपे आणि वीचॅट ही फोनवरून पैसे द्यायची दोन्ही ॲप टाका, पासपोर्टने व्हेरिफाय करा, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, रुपे जोडता येत नाही. बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, आणि दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं ठेवा कारण एखादं अडतंच. २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला परदेशी कार्डावर ॲपची फी नाही, त्यावर ३ टक्के लागतात, म्हणजे छोटी खरेदी फोनने बिनधास्त करा. ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येणार, तो नंबर चालू हवा. थोडी रोख सुट्ट्या नोटांत ठेवा. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा तिकडच्या वायफायवर चालत नाहीत, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा चांगल्या ट्रॅव्हल ईसिमवर चालतात, त्यामुळे घरी रोज व्हिडिओ कॉल करायचा असेल तर रोमिंग पॅक घ्या. मॅपसाठी गूगलवर विसंबू नका, अमॅप नावाचं चिनी मॅप ॲप टाका. टॅक्सी अलीपेमधूनच दीदीने (तिकडचं ओला-उबर) मागवता येते, भाषेची गरज पडत नाही. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट करून तिघांच्याही फोनमध्ये ठेवा, आईंच्या तर नक्की.

अजून एक, पॉवर बँक. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती नसते. तुमचं शिआन-ग्वीलिन विमान आहे, म्हणजे तिथे जाऊन एक विकत घ्या.

आता स्वतः का टूरने. हे तुमच्या स्वभावावर आहे. ॲपवर बुकिंग करायला त्रास होत नसेल, ऐनवेळी काही बदललं तर चिडचिड होत नसेल, तर चीन स्वतः फिरायला खूप सोपा आणि सुरक्षित देश आहे. आई सोबत आहेत म्हणून मी मधला मार्ग सुचवेन: तिकिटं आणि हॉटेल तुम्ही करा, आणि ग्रेट वॉल, शिआनचा पहिला दिवस आणि लुओयांग एवढ्यासाठी इंग्लिश बोलणारा स्थानिक गाईड गाडीसकट घ्या. पूर्ण टूर घेणार असाल तर दोन प्रश्न लेखी विचारा, शॉपिंग स्टॉप किती आणि एका शहरात सलग रात्री किती. जेड, रेशीम, चहा, औषधांची दुकानं प्रोग्रॅममध्ये असली तर त्या टूरची किंमत कमी का आहे ते लगेच कळेल. आणि बीजिंगच्या वांगफुजिंगसारख्या खरेदीच्या भागात गोड बोलून ‘चला चहाची सेरेमनी दाखवतो’ म्हणणाऱ्या तरुण मुलामुलींबरोबर जाऊ नका, बिल हजारोंचं येतं.

ज्यांना राजवाडे-भिंतींपेक्षा बागा आणि डोंगरच हवेत त्यांच्यासाठी दुसरा मार्ग पण सांगून ठेवते, कारण या प्रश्नावर असेही लोक येतील: शांघाय, सूझो, हांगझो आणि हुआंगशान. सगळं फास्ट ट्रेनवर, अंतरं छोटी, हांगझोच्या वेस्ट लेकवर संध्याकाळ, लोंगजिंगचे चहाचे मळे, आणि शेवटी हुआंगशानचे ग्रॅनाइटचे कडे, पाईन आणि ढगांचा समुद्र, जुनी चिनी निसर्गचित्रं या डोंगरांवरून आलीयत हे बघताक्षणी पटतं. पण हुआंगशान म्हणजे दगडी पायऱ्याच पायऱ्या, रोपवे असला तरी वर चालावंच लागतं, म्हणून तुम्हाला मी तो दिला नाही.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी कळल्या तर अजून नेमकं सांगता येईल: आई सलग किती वेळ चालू शकतात आणि दोन मजले जिना चढू शकतात का, आणि तारखा पक्क्या आहेत का एक-दोन दिवस मागेपुढे चालतील. फॉरबिडन सिटी सोमवारी बंद असते, त्यावर बीजिंगचे चार दिवस कसे लावायचे ते ठरतं. तारखा टाका, मी दिवसवार मांडून देते.